तिसरा पुकारा

नारायण पेठेत अशी बोलवा आहे की मच्छिंद्रनाना भाडळे ज्याला तीन हाका मारतात, तो माणूस फार दिवस राहत नाही. पुरावा म्हणून दोन नावं सांगतात. एक कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आणि दुसरं तळमजल्यावरचं मांजर. आता इस्त्रीवाला वाकडला मुलाकडे राहायला गेलाय आणि तिथे त्याचं पोट सुटलंय. मांजर टेम्पोखाली आलं, आणि टेम्पोवाल्याने त्याला एकही हाक मारली नव्हती. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ठाऊक असलेल्या गोष्टी सांगायला कट्ट्यावर कोण बसतं?

खरं उलटंच आहे. नाना तिसरी हाक मारतच नाहीत. कोणालाच नाही. चहा हवा असला की "मैना… अगं मैना," एवढं म्हणून होतं, आणि मग मैनाकाकूंकडून ओ आली नाही तर नाना गुडघ्यांवर हात टेकून उठतात, कण्हतात आणि चालत स्वयंपाकघरापर्यंत जातात. काकू कुकरच्या शिट्टीआडून म्हणतात, "मारा की एकदा तिसरी. मी तरी सुटेन." नाना बाकी कुठल्याही विनोदाला हसतात, कट्ट्यावरच्या फालतू विनोदांनाही हसतात. याला हसत नाहीत.

दारावर पाटी आहे. "बेल एकदा वाजवावी. ऐकू न आल्यास दुसऱ्यांदा वाजवावी. त्यानंतर परत जावे." नारायण पेठेत असल्या पाटीचं नवल कोणाला? बाहेरगावचे पाहुणे कौतुकाने फोटो काढून नेतात. ती पाटी उद्धटपणाची नसून भीतीची आहे, हे मैनाकाकू सोडल्या तर पेठेत एकाच माणसाला कळलं, आणि तो माणूस म्हणजे नववीतली एक मुलगी. तेही तिला निबंध लिहायचा होता म्हणून.

नाना कोर्टात पट्टेवाले होते. कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, हे काम. एका नावाला तीन पुकारे. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कोणी 'हाजिर' म्हटलं नाही, की आत जाऊन साहेबांना सांगायचं, "गैरहजर." मग साहेब लिहायचं ते लिहितात, आणि कधी कधी एवढ्यावरच माणसाचा दावा निकालात निघतो. नानांचा आवाज असा, की खालच्या मजल्यावर चहा पिणारा पक्षकार कप तसाच ठेवून जिना चढायला लागायचा. पेठेतल्या लग्नात माइक बंद पडला की आजही लोक आधी नानांना शोधतात, मग इलेक्ट्रिशियनला.

ती मुलगी म्हणजे वरच्या मजल्यावरची उत्कर्षा केंजळे. हुशार, चष्मिष्ट, आणि बोलताना अडखळणारी. 'ह' हे अक्षर तर तिच्या वाटेतला धोंडाच. तिच्या शाळेत हजेरीला अजून 'हजर' म्हणायची पद्धत. बाई नाव घ्यायच्या, ही उभी राहायची, ओठ हलायचे, मान ताठ व्हायची, आणि 'ह' घशातून सुटेपर्यंत बाई पुढच्या चार नावांपर्यंत पोचलेल्या असायच्या. पुढच्या बाकावर रोज समोर बसणारी मुलगी महिनाअखेरीला निम्मा महिना गैरहजर निघायची. घरी वडील तिचं वाक्य पुरं करून टाकायचे, वर्गात मैत्रिणी पुरं करायच्या, आणि दुकानदार तर वाक्य सुरू व्हायच्या आधीच वस्तू काढून द्यायचा, बहुतेक वेळा भलतीच.

तर शाळकरी मुलांसाठी वकिलांच्या एका मंडळाने कायद्यावर निबंध स्पर्धा ठेवली होती. विषय होता, 'आपलं म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा हक्क'. निवडलेल्या मुलांनी अंतिम फेरीत आपला निबंध स्वतः वाचायचा. जो वाचला जाणार नाही तो बाद.

एका संध्याकाळी उत्कर्षा खाली आली. बेल एकदा वाजली.

"ना… नाना, कोर्टात बो… बोलायला किती वेळ देतात?"

"कोणाला? वकिलाला की माणसाला?"

"मा… माणसाला."

"माणसाला पुकाऱ्यापुरता. हाजिर म्हणायचं आणि बसायचं. पुढचं वकील बोलतात." नानांनी तिला खुर्ची दाखवली. "काय गं, बक्षीस मोठं आहे वाटतं?"

"ब… बक्षिसाचं नाही." ती थांबली. नानांनी वाक्य पुरं केलं नाही. जन्मभर लोकांच्या उत्तराची वाट बघत उभं राहिलेला माणूस. त्यांना घाई नसते. "नियमात छापलंय, वाचन चालू असताना कोणी मध्ये बो… बोलायचं नाही. मला एकदा शे… शेवटपर्यंत बोलायचंय."

यावर नानांना काही सुचलं नाही. आणि काही सुचलं नाही की माणूस जे इतके दिवस घराबाहेर कोणाला सांगितलं नाही, ते सांगून बसतो.

नानांनी दुर्गाबाई कोंडिबा हरगुडे सांगितल्या.

बाई हडपसरच्या पलीकडच्या, पुढे शहरात आलेल्या एका गावच्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. दिराने विहिरीची पाळी बंद केली, म्हणजे आठवड्यातले जे दोन दिवस पाणी बाईचं असायचं तेही त्याने खाल्लं, म्हणून बाईंनी दावा लावला. प्रत्येक तारखेला यायच्या. हिरवं लुगडं, कापडी पिशवी, पिशवीत त्या विहिरीच्या पाण्याने भरलेली बाटली. "सायबानं इचारलं तर दावायला," म्हणायच्या. साहेबांनी कधी विचारलं नाही. साहेब बदलत गेले. गाव शहरात आलं, विहीर बुजवली गेली आणि तिच्यावर बिल्डिंग उभी राहिली. तिला 'जलधारा' नाव देण्याइतकी बिल्डरला विनोदबुद्धी होती. विहीर कोरडी होऊन, बुजून, फरशीखाली गेली. दावा मात्र ओलाच. नसलेल्या विहिरीच्या पाळीवर तारखा पडत राहिल्या. आणि बाई येत राहिल्या, बाटली घेऊन. भरलेली.

"आता त्यात पाणी कुठलं, ते मी विचारलं नाही," नाना म्हणाले.

बाईंचे कान गेले होते. पहिला पुकारा त्यांना ऐकूच यायचा नाही. दुसऱ्याला मात्र कॉरिडॉरच्या पार टोकाच्या बाकावरून उत्तर यायचं, "हाजिर हाय, दादा!" आणि मग त्या चपला ओढत यायच्या. तिसऱ्याची वेळ कधी आली नाही.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांचा दावा निघाला. मे महिना. कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नाही. उन्हाची तिरीप फरशीवर आडवी पडलेली, पंख्याची कुरकुर, एवढंच. नानांनी दारात उभं राहून पुकारलं, "वादी, दुर्गाबाई कोंडिबा हरगुडे, हाजिर आहेऽऽ?" शांतता. ती नेहमीची. त्यांनी दुसऱ्यांदा पुकारलं.

"हाजिर हाय, दादा!"

नाना आत गेले आणि साहेबांना म्हणाले, "वादी हजर आहेत."

तेव्हा समोरच्या बाजूचे वकील चष्मा पुसत उठले. "साहेब, वादी मागच्या महिन्यात वारल्या. दाखला जोडलाय."

कोर्ट हसलं. साहेब हसले, कारकून हसले, मागे उभे असलेले ज्युनियर वकील तर तोंडावर फायली धरून हसले. मेलेल्या बाईची हजेरी लावणारा पट्टेवाला! नानाही ओशाळून हसले आणि बाहेर आले. कॉरिडॉर रिकामा होता. टोकाच्या बाकापर्यंत ते चालत गेले. बाकावर कोणी नव्हतं. बाकाची फळी ओली होती, आणि वास येत होता. उन्हाळ्यात विहिरीत वाकून बघितलं की खालून जो गार, शेवाळलेल्या दगडाचा वास येतो ना, तो.

"आणि ति… तिसरा पुकारा?" उत्कर्षाने विचारलं.

"तो राहिलाच." नानांनी चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "दुसऱ्यालाच हाजिर म्हणाली, मग तिसरा कशाला देऊ? आणि नंतर कळलं, नाहीये म्हणून. आता मला सांग, जी नसताना दुसऱ्या पुकाऱ्याला उत्तर देते, ती तिसऱ्याला काय करील? आत येईल?"

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत नानांनी कोणालाही दोनच पुकारे दिले. तिसऱ्याच्या ऐवजी ते स्वतः कॉरिडॉरभर, जिन्यात, कँटीनपर्यंत पक्षकाराला हुडकत फिरायचे. साहेबांना वाटायचं, काय कळकळीचा माणूस! निवृत्तीच्या समारंभात भाषणातही तसंच म्हणाले. मैनाकाकू मान खाली घालून बसल्या होत्या.

"लिही तू," नाना उत्कर्षाला म्हणाले. "पण एका बाईची गोष्ट म्हणून लिही. नाव नको."

उत्कर्षाने चष्मा वर सरकवला. "नाव घेतल्याशिवाय ती ह… ह… हजर कशी होणार, नाना?"

कोणीही म्हणेल, मुलगी नववीतली, सहज बोलून गेली. नानांनी मात्र वळून दाराकडे पाहिलं.

तिने नाव लिहिलंच. निबंध निवडला गेला आणि मग रोज संध्याकाळी वरच्या गॅलरीत वाचनाचा सराव सुरू झाला. खाली नाना खुर्चीत. वाक्य यायचं, ठेचकाळायचं, उठायचं, पुन्हा ठेचकाळायचं. सगळी बिल्डिंग श्वास धरून त्या मुलीबरोबर अडखळत होती. आणि मग ते नाव यायचं. "दुर्गाबाई कोंडिबा हरगुडे." सरळ. स्वच्छ. 'ह'सुद्धा लोण्यासारखा.

"ऐकलंस?" नाना म्हणाले.

"काय?" मैनाकाकू मेथी निवडत होत्या.

"बाकी सगळीकडे अडते. बाईचं नाव घेताना अडत नाही."

"गाणं म्हणतानाही अडत नाही ती. गणपतीत आरती म्हणते की खणखणीत."

"नाव म्हणजे आरती आहे का?"

"तुम्ही चहा घ्या आणि कान बंद करा," काकू म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनीही मेथी आत बसून निवडायला सुरुवात केली.

त्याच सुमाराला ॲडव्होकेट सत्यशीला देवचके आल्या. स्पर्धा भरवणाऱ्या त्या. नाना नोकरीत होते तेव्हा सत्यशीलाबाई ज्युनियर होत्या, आणि फायली तोंडावर धरून हसणाऱ्यांतल्या एक, हे नाना विसरले नव्हते. बाई बहुतेक विसरल्या होत्या.

"नाना, अंतिम फेरीला मुलांना कोर्टासारखं पुकारायचंय. मुलांना मजा येईल. आपल्यासारखा आवाज पुण्यात दुसरा नाही."

"दोनच पुकारे देईन," नाना म्हणाले.

"नियमात तीन छापलेत हो. पण दोनात येतील सगळे, कुठे जाणारेत? हॉलमध्येच बसलेली असणार ना."

नाना हो म्हणाले. उत्कर्षाचं नाव दुसऱ्या कोणी पुकारलेलं त्यांना नको होतं. दुसरा कोणी घाईने तीनदा ओरडला असता, आणि 'ह' सुटेपर्यंत पोरगी बाद.

अंतिम फेरी खडकीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. नानांना न्यायला सकाळीच गाडी आली. उत्कर्षा वडिलांच्या स्कूटरवर मागून निघणार होती. "वे… वेळेवर येते, नाना," ती जिन्यातून म्हणाली. नानांनी कोर्टातला पांढरा ड्रेस घातला होता आणि वर लाल पट्टा. पेठेतली पोरं त्यांच्याकडे बघत होती. "नाना, कोणाची तारीख आज?" कोणीतरी कट्ट्यावरून विचारलंच. नानांनी त्याला उत्तर दिलं नाही, यावरून कट्ट्याला कळायला हवं होतं.

हॉल जुना, उंच छपराचा, इंग्रजांच्या मिलिटरीच्या काळातला. खिडक्या वर, छताला टेकलेल्या, त्यामुळे भर दुपारीही खाली उजेड पोचत नव्हता. पुढच्या रांगांत मुलं, त्यांचे आईवडील, मास्तर. मागचे बाक रिकामे. दूरच्या कुठल्यातरी फायरिंग रेंजवरून मधूनच धप्प असा दबका आवाज यायचा आणि खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. खडकीची मुलं त्याकडे लक्षही देत नव्हती. नाना प्रत्येक वेळी मान वळवत होते.

पुकारे सुरू झाले. मुलं खरोखरच खूश झाली. नाव पुकारलं की एकेकजण "हाजिर!" म्हणून फिल्मी थाटात उठायचा, टाळ्या पडायच्या. बहुतेकांना एकच पुकारा पुरला. तरन्नुम नावाची खडकीचीच एक मुलगी तर पहिला पुकारा संपायच्या आत उभी राहिली आणि तिचा निबंधही तसाच झाला, धडाधड. नानांचं लक्ष दाराकडे होतं. उत्कर्षा अजून आली नव्हती.

कोणीतरी येऊन सांगितलं, रेल्वेखालच्या रस्त्यात ट्रक अडकलाय, एका दुचाकीला धक्का लागलाय, सगळं तुंबलंय. आणि तेवढ्यात लांबून ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू आला. तो जवळ आला आणि मग एका जागी थांबून वाजत राहिला, जसा वाट न मिळालेल्या ॲम्ब्युलन्सचा वाजतो तसा.

"शेवटचं नाव, नाना," सत्यशीलाबाईंनी खूण केली.

नानांनी घसा साफ केला. "उत्कर्षा केंजळे, हाजिर आहेऽऽ?"

काही नाही. भोंगा.

नाना थांबले. जितकं थांबता येईल तितकं थांबले. रुमाल काढला, तोंड पुसलं, रुमालाची घडी केली, ती नीट आली नाही म्हणून परत केली. मुलं खुसखुसायला लागली. मग दुसरा पुकारा द्यावाच लागला. "उत्कर्षा केंजळे, हाजिर आहेऽऽ?"

आवाज छपरापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. भोंगा बंद झाला होता.

"तिसरा द्या, नाना," सत्यशीलाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"थोडं थांबूया, बाई."

"नियम आहे. बाकीच्या मुलांना काय सांगायचं? तुम्ही देणार नसाल तर मी देते."

"थांबा म्हणतो ना!"

तो आवाज नानांचा होता, पण तसा तो कोणी ऐकलेला नव्हता. सत्यशीलाबाई गप्प झाल्या. हॉल गप्प झाला. रेंजवरची धपधपही त्या घटकेला थांबलेली. आणि त्या शांततेत, मागून, शेवटच्या रिकाम्या बाकांच्या अंधाराकडून, उत्तर आलं.

"हाजिर हाय, दादा."

आवाज मोठा नव्हता. कान गेलेल्या माणसाचा असतो तसा, थोडा सपाट, थोडा लांबवलेला. सगळ्यांनी ऐकला. सत्यशीलाबाईंनी सवयीने समोरच्या कागदावर खूण केली, मग पेन तसंच धरून वर पाहिलं. मुलांनी माना वळवल्या.

नानांना मागे बघायची गरज नव्हती. ते उभे होते तिथे त्यांचे पाय गार पडत गेले, तळव्यांपासून वर, जणू विहिरीत एकेक पायरी उतरत होते. कारण नानांना एवढंच ठाऊक होतं, की ही बाई जिवंत माणसाच्या नावाला कधी ओ देत नाही. मेल्यावर तिने एकदाच ओ दिली होती, आणि ती मेलेल्या माणसाच्या नावाला. रस्त्यात दुचाकीला धक्का. भोंगा बंद झालेला. आणि पोरीचं नाव, त्यांनीच, दोनदा.

हात लागून टेबलावरचा माइक आपटला. नाना धावले. गुडघ्यांवर हात टेकून उठणारा माणूस लाल पट्ट्यासकट हॉलमधून, पायऱ्यांवरून, मैदानातून असा धावला की शाळेच्या वॉचमनने आधी फाटक उघडलं आणि मग विचारलं, "काय झालं?"

रस्त्यावर हॉर्नचा गदारोळ. बसेस, रिक्षा, सगळं दाटलेलं. आणि त्या गर्दीतून, स्कूटर आणि वडील दोघांनाही मागे टाकून, छातीशी कागद धरून, चष्मा हातात घेऊन उत्कर्षा पळत येत होती.

नानांनी तिचं मनगट धरलं. गरम होतं, घामेजलेलं. तेवढ्याने त्यांचं समाधान होईना.

"नाव सांग तुझं."

"ना… नाना, मा… माहितीये की तु…"

"सांग म्हणतो ना!"

"उ… उत्… उत्क… उत्कर्षा."

"हाजिर म्हण."

"ह… ह… ह…" ती अडली. मान ताठ झाली, डोळे मिटले. "ह… ह…"

"बास! बास गं माझी बाय," नाना म्हणाले आणि तिथेच फूटपाथच्या कडेला बसले. त्या मुलीचं अडखळणं इतकं गोड जगात कोणाला लागलं नसेल. "आहेस. आहेस तू."

हॉलमध्ये परत आले तेव्हा निम्मी मुलं मागच्या बाकाभोवती जमली होती. फळी ओली होती. कोणी म्हणालं, कोणाची तरी पाण्याची बाटली सांडली. पण बाटली कोणाची ते ठरेना. तरन्नुम सांगत होती, "मॅम, आय स्वेअर, मी शेवटून दुसऱ्या रांगेत बसले होते निबंध झाल्यावर. माझ्या अगदी मागून आवाज आला. कोणी आजी आल्यात वाटलं. वळले तर कोणी नाही. आणि वास येत होता, आमच्या दर्ग्याजवळ पायऱ्यांची जुनी बावडी आहे ना, तसा."

"तूच मस्करी केली असशील," तिचे मास्तर म्हणाले.

"सर, मी 'हाय' कशाला म्हणेन?"

सत्यशीलाबाईंनी उत्कर्षाकडे बघितलं. "तुझी हजेरी लागली आहे. वाच."

उत्कर्षाने नकारार्थी मान हलवली. खोटं बोलणं तिला सगळ्यात सोपं होतं, एक शब्दही बोलावा लागला नसता. "मॅडम, म… मी आत्ता आले. म… मगाशी मी नव्हते."

"मग हाजिर कोण म्हणालं?"

उत्कर्षाने नानांकडे पाहिलं. नाना ओल्या बाकाकडे बघत होते.  सत्यशीलाबाईंचा हात कागदावर होता, लावलेली खूण खोडायची की नाही, अशा बेतात. खूण खोडली की निबंध बाद.

"बाई," नाना म्हणाले, "नियम काय आहे? तिसऱ्या पुकाऱ्याला नसेल तर गैरहजर. बरोबर?"

"बरोबर."

"तिसरा पुकारा झालाय?"

सत्यशीलाबाई वकील होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "वाच, बाळ," त्या म्हणाल्या.

उत्कर्षाने वाचलं. बाकी मुलांना जेवढा वेळ लागला होता त्याच्या कितीतरी पट लागला. एकेका वाक्याशी ती झटत होती. पुढच्या रांगेतल्या एका बापाने सवयीने तिचा शब्द पुरा करायला तोंड उघडलं, तेव्हा नानांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याला कोर्टातली आपली स्वतःची तारीख आठवली असावी. कोणी मध्ये बोललं नाही. ऐकून घेतल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, असं कायदा सांगतो, हे तिने लिहिलं होतं. पण ऐकून घेणाऱ्याने थांबायचं किती, हे कायद्यात कुठे लिहिलंय, असं तिने विचारलं होतं. हजेरीतल्या आपल्या 'ह'बद्दलही लिहिलं होतं, आणि तो भाग वाचताना तो 'ह' नेमका घशात अडकला. पुन्हा सगळे थांबले.

आणि मग ते नाव आलं. "दुर्गाबाई कोंडिबा हरगुडे." सरळ, स्वच्छ. नाना त्या क्षणी मागच्या बाकाकडेच बघत होते. त्यांनी काय पाहिलं ते त्यांनी मैनाकाकूंनाही सांगितलेलं नाही. पण त्यांनी उजवा हात छातीपर्यंत आणून किंचित मान लववली, कोर्टात ओळखीच्या पक्षकाराला लववायचे तशी.

तिने शेवटपर्यंत वाचलं. शेवटचं वाक्य संपल्यावर ती उभीच राहिली, कोणी आणखी ऐकणार असेल तर, अशी. मग टाळ्या.

पहिलं बक्षीस धनकवडीच्या एका मुलाला गेलं. त्याचा निबंध चांगला होता आणि त्यात भरपूर कलमं होती. उत्कर्षाला उत्तेजनार्थ मिळालं. तिने ते पदक खिशात टाकलं आणि वडिलांना रस्त्यात ट्रक कसा अडकला ते सांगायला सुरुवात केली. तिचे वडील मध्ये बोलायला गेले आणि थांबले. पेठेत पोचेपर्यंत ती सांगत होती.

निघायच्या आधी, चहाच्या वेळी, मंडळाचे वकील हॉलच्या पायऱ्यांवर जमले. भीती उतरली की माणसाला विनोद सुचतात. सत्यशीलाबाईंनाही सुचला. तोपर्यंत त्यांना ती जुनी दुपार आठवली होती, फायलीमागचं हसूही आठवलं असावं.

"काय नाना," त्या कप हलवत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तुमच्या त्या दुर्गाबाई मुलीच्या वतीने हजर राहिल्या म्हणायच्या! पण दुसऱ्याच्या वतीने हजर राहायचं तर वकीलपत्र लागतं. ते कुठंय?"

सगळे हसले. कोर्ट हसलं होतं तसेच.

नानांनी बिस्किट चहात बुडवलं, नीट खाल्लं, रुमालाने मिशा पुसल्या आणि हॉलच्या अंधाऱ्या दाराकडे हात केला.

"मागून घ्या की, बाई. त्यांना दोन पुकारे देऊन झालेत, तिसरा माझ्याकडे बाकी आहे. देऊ का?"